प्रश्न वाचकांचे : अणूचे माप नेमके कुठून कुठपर्यंत?

आवर्तसारणीवरील लेखानंतर नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा आला, तो म्हणजे अणूचा आकार. त्यातल्या निवडक प्रश्नांची उत्तरे इथे देत आहोत. मापे पिकोमीटरमध्ये आहेत. एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग.

प्रश्न : दुसऱ्या आवर्तात (आवर्तसारणीच्या दुसऱ्या आडव्या ओळीत) लिथियमकडून फ्लोरिनकडे जाताना अणू लहान होत जातो, असे शिकवले. पण प्रत्येक घरात एक इलेक्ट्रॉन वाढतोच ना? सामान वाढले की पिशवी फुगते, मग अणू आकसतो कसा?
– दहावीची विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर : पिशवीचे उदाहरण छान आहे, पण त्यात एक गोष्ट राहिली. लिथियमनंतर बेरिलियम, बोरॉन असे पुढे सरकताना बाहेर एक इलेक्ट्रॉन येतो, तसाच आत केंद्रकात एक प्रोटॉनही येतो. नवा इलेक्ट्रॉन नवे कवच उघडत नाही, आधीच्याच दुसऱ्या कवचात बसतो. एकाच कवचातले इलेक्ट्रॉन केंद्रकापासून साधारण सारख्या अंतरावर असतात, त्यामुळे ते एकमेकांच्या आड फारसे येत नाहीत. ओढ वाढते, आडोसा त्या मानाने वाढत नाही, म्हणून अख्खे कवच आत खेचले जाते.

हा आडोसा किती, याचा सोपा हिशेब अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जॉन स्लेटर यांनी १९३० मध्ये घालून दिला. तो तू वहीवर करून बघ. बाहेरच्या कवचातला एक इलेक्ट्रॉन निवडायचा. त्याच्याच कवचातला प्रत्येक सोबती ०.३५ इतकी ओढ अडवतो, लगेच आतल्या कवचातला प्रत्येक इलेक्ट्रॉन ०.८५ आणि त्याहून आतला प्रत्येक पूर्ण १. लिथियममध्ये प्रोटॉन ३, आतले इलेक्ट्रॉन २. म्हणून ३ वजा १.७ = १.३. फ्लोरिनमध्ये प्रोटॉन ९, सोबती ६, आतले २. म्हणून ९ वजा (२.१ + १.७) = ५.२. बाहेरच्या इलेक्ट्रॉनला जाणवणारी ओढ एका ओळीत चौपट झाली. त्रिज्या बघ : लिथियम १५२, बेरिलियम १११, बोरॉन ८८, कार्बन ७७, नायट्रोजन ७४, ऑक्सिजन ६६, फ्लोरिन ६४.

आता सोडियमचा हिशेब : ११ वजा (८ × ०.८५ + २) = २.२. पोटॅशियमचेही उत्तर २.२ च येते, पण त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात आहे, सोडियमचा तिसऱ्या. ओढ तेवढीच आणि कवच एक पायरी लांब, म्हणून गणात (सारणीच्या उभ्या स्तंभात) खाली जाताना अणू मोठा होतो : लिथियम १५२, सोडियम १८६, पोटॅशियम २२७, रुबिडियम २४८, सीझियम २६५. यात एक बारकावा आहे. सोडियम ते पोटॅशियम ४१ ची उडी, पण पोटॅशियम ते रुबिडियम फक्त २१ ची. असे का, ते पुढे गॅलियमच्या प्रश्नात येईल.

क्रम लावताना सवय एकच ठेव. आधी कवचे मोज. कवचे सारखी असतील तरच प्रोटॉन मोज. बरेच जण उलटे करतात, प्रोटॉन आधी बघतात आणि पोटॅशियमला लिथियमहून लहान ठरवून मोकळे होतात.

प्रश्न : एका पुस्तकात निऑनचा अणू फ्लोरिनपेक्षा लहान, दुसऱ्यात जवळपास अडीचपट मोठा. पोटॅशियमची त्रिज्या कुठे २२७, कुठे २३१. मुलांना काय सांगावे?
– विज्ञान शिक्षक, सिन्नर

उत्तर : मुलांना आधी हे सांगावे की अणूला साल नसते. द्राक्षाला असते, म्हणून त्याचा व्यास मोजता येतो. इलेक्ट्रॉनांचा ढग केंद्रकापासून दूर जाताना विरळ होत जातो, त्याला काठच नाही. मोजता येते ते दोन शेजारी केंद्रकांमधले अंतर. ते अंतर वाटून घेतले की त्रिज्या मिळते. मग शेजारी कोणत्या नात्याने बसले आहेत, यावर आकडा ठरतो.

क्लोरिन घ्या. क्लोरिनच्या रेणूत दोन केंद्रकांत १९९ पिकोमीटर अंतर असते. त्याचे निम्मे सुमारे ९९, ही सहसंयुज, म्हणजे बंधाने जोडलेल्या अणूची, त्रिज्या. पण घन क्लोरिनमध्ये दोन वेगळे रेणू एकमेकांना टेकून बसतात, तेव्हा त्यांचे अणू इतके जवळ येत नाहीत. त्या अंतरावरून निघणारी व्हॅन डर वाल्स त्रिज्या सुमारे १७५ आहे. अणू तोच, आकडे दोन, आणि दोन्ही बरोबर.

निऑन बंध करत नाही, म्हणून त्याची सहसंयुज त्रिज्या थेट मोजायला जागाच नाही. मिळते ती व्हॅन डर वाल्स त्रिज्या, सुमारे १५४ ते १६०. ती फ्लोरिनच्या ६४ शेजारी ठेवली की ओळीच्या शेवटी अणू एकदम फुगल्यासारखा दिसतो. ही तुलनाच चुकीची. दोघांची एकाच जातीची, म्हणजे गणिताने काढलेली, त्रिज्या घेतली तर निऑन फ्लोरिनहून लहानच निघतो. फळ्यावर निष्क्रिय वायूंचा स्तंभ वेगळ्या रंगाच्या खडूने लिहिला तर ही गल्लत निम्म्याने कमी होईल.

फ्लोरिनचा ६४ हा आकडाही तपासण्यासारखा आहे. फ्लोरिनच्या रेणूत अंतर १४२ आहे, म्हणजे निम्मे ७१. तरी तक्त्यात ६४ दिसते, कारण हा बंध मुळात ताणलेला असतो. दोन्ही अणूंवरच्या एकाकी इलेक्ट्रॉन जोड्या जवळ येऊन एकमेकींना ढकलतात. म्हणून काही तक्ते फ्लोरिनची त्रिज्या त्याच्या इतर संयुगांवरून काढतात. पोटॅशियमच्या २२७ आणि २३१ चेही तसेच आहे, मोजण्याची परिस्थिती आणि संकलन निराळे. एका तक्त्यातला आकडा दुसऱ्या तक्त्यातल्या आकड्याशी ताडू नये, एवढा नियम पाळला की क्रम बिघडत नाही.

वर्गात करून दाखवण्यासारखी एक पडताळणी आहे. हिऱ्यात दोन कार्बनमधले अंतर १५४, म्हणजे कार्बन ७७. त्यात क्लोरिनचे ९९ मिळवा, १७६ झाले. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये प्रत्यक्ष मोजलेले अंतर १७७ आहे. मात्र हायड्रोजन क्लोराइडवर हीच बेरीज करू नका. ३७ आणि ९९ मिळून १३६ येतात आणि प्रत्यक्षात अंतर १२७ आहे. बंधातले इलेक्ट्रॉन क्लोरिनकडे झुकलेले असले की अंतर बेरजेपेक्षा कमी भरते.

प्रश्न : सीईटीच्या सराव प्रश्नांत आयनांचा क्रम हमखास चुकतो. काही पक्की पद्धत आहे का? आणि गॅलियम ॲल्युमिनियमच्या खाली असून लहान कसा?
– बारावीचा विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : आयन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला किंवा मिळवलेला अणू. प्रत्येक आयनाखाली दोन आकडे लिही : इलेक्ट्रॉन किती, प्रोटॉन किती. इलेक्ट्रॉन सारखे असतील तर जास्त प्रोटॉनवाला लहान. दहा इलेक्ट्रॉनांची मालिका बघ : ऑक्साइड १४०, फ्लोराइड १३३, सोडियम १०२, मॅग्नेशियम ७२, ॲल्युमिनियम ५३.५. प्रोटॉन ८ पासून १३ पर्यंत. अठरा इलेक्ट्रॉनांची मालिका : सल्फाइड १८४, क्लोराइड १८१, पोटॅशियम १३८, कॅल्शियम १००. इथवर बहुतेकांचे बरोबर येते.

गाडी अडते ती इलेक्ट्रॉन सारखे नसताना. ‘धन आयन लहान, ऋण आयन मोठा’ असे पाठ केलेले असते. पण पोटॅशियम आयन १३८ आणि फ्लोराइड १३३! धन आयन मोठा निघाला, कारण त्याच्याकडे तीन भरलेली कवचे आहेत, फ्लोराइडकडे दोनच. तेव्हा इथेही कवचे आधी. एकाच मूलद्रव्यात मात्र नियम सरळ आहे. लोहाचा तीन प्रभाराचा आयन दोन प्रभाराच्या आयनाहून लहान, आणि तो अणूहून लहान.

दुसरी चूक प्रश्नाच्या शब्दांत दडलेली असते. चढता क्रम विचारलेला असतो आणि विद्यार्थी उतरता लिहितो. पर्यायांत दोन्ही क्रम छापलेले असतात, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. ‘चढता’ या शब्दाखाली रेघ ओढ.

आयनाचे माप तरी कसे काढतात? मिठाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले की सोडियम आणि क्लोराइड यांच्या केंद्रकांतले अंतर मिळते, २८२. हे दोघांचे मिळून आहे. कोणाचे किती, ते क्ष-किरण सांगत नाहीत. म्हणून ऑक्साइडचे १४० असे एक माप आधी धरून बाकीची त्यावरून वाटणी केलेली आहे. त्या वाटणीने सोडियम १०२ आणि क्लोराइड १८१, बेरीज २८३. मेळ चांगला बसतो. शेजारी वाढले की आयनाचे मापही वाढते. सोडियमभोवती चार शेजारी असतील तर ९९, सहा असतील तर १०२, आठ असतील तर ११८.

आता गॅलियम. ॲल्युमिनियम १४३, गॅलियम १३५. दोघांमध्ये १८ प्रोटॉनांचे अंतर आहे, कारण वाटेत स्कँडियमपासून जस्तापर्यंत दहा धातू येतात. त्यांच्यासोबत आलेले दहा डी-इलेक्ट्रॉन पसरट कक्षकांत (कवचातल्या इलेक्ट्रॉनांच्या वावरायच्या जागांत) असतात, त्यांचा आडोसा कमजोर. एक कवच वाढूनही वाढलेली ओढ त्याला पुरून उरते. पोटॅशियम ते रुबिडियम ही उडी लहान पडते, तिच्यामागेही हेच दहा इलेक्ट्रॉन आहेत. गॅलियम २९.८ अंशाला वितळतो, नाशिकच्या एप्रिलमध्ये बाटलीत आपोआप पातळ होईल. म्हणून प्रयोगशाळेत तो प्लास्टिकच्या डबीत ठेवतात. काचेत पुन्हा गोठताना तो प्रसरण पावतो आणि काच तडकू शकते.

प्रश्न : सोने चांदीच्या जवळजवळ दुप्पट जड, तरी दोन्ही कोणत्याही प्रमाणात एकजीव होतात. तांबे चांदीत तसे मुरत नाही. यात अणूच्या आकाराचा संबंध आहे का? आणि तो आकार आमच्या दुकानात मोजता येईल का?
– कारागीर, सराफ बाजार, नाशिक

उत्तर : येईल, आणि तुमच्याकडचा काटा त्यासाठी शाळेच्या काट्यापेक्षा चांगला आहे.

९९.९ टचाची (९९.९ टक्के शुद्ध) सुमारे १०० ग्रॅम चांदीची लगड किंवा नाणी घ्या. भांडी नकोत. त्यांच्यात तांबे असते, ते घनता आणि अणूचे सरासरी वजन दोन्ही बिघडवते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. चांदी बारीक नायलॉन धाग्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी हाताने किंवा स्टँडला लटकवून धरा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. टेकली की काटा चांदीचेच वजन दाखवू लागतो. सुती धागा पाणी पितो, तो टाळा. चांदीला चिकटलेले बुडबुडे दिसले तर भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पाण्यात टाका आणि चांदी तिरकी करून पुन्हा बुडवा. काट्यावर वाढलेले ग्रॅम म्हणजे चांदीने सारलेल्या पाण्याचे वजन, आणि तेवढेच मिलिलिटर चांदीचे आकारमान. १०० ग्रॅम शुद्ध चांदीला साडेनऊ ग्रॅमच्या आसपास आकडा यायला हवा. पाणी ३० अंशाला किंचित हलके असते, त्याने ०.४ टक्के फरक पडतो. सोडून दिला तरी चालेल.

आता हिशेब. १०० ग्रॅमला ९.५३ मिलिलिटर, तर १०७.८७ ग्रॅमला १०.२८ मिलिलिटर. एवढ्या चांदीत ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके अणू असतात. भागाकार केला की एका अणूच्या वाट्याला सुमारे १ कोटी ७० लाख ७० हजार घन पिकोमीटर जागा येते. चांदीचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि सहा पृष्ठांच्या मध्यावर बसतात. अशा एका घनात हिशेबाने चार अणू येतात. चारपट करा, ६ कोटी ८३ लाख. घनमूळ ४०९. घनाच्या पृष्ठाच्या कर्णावर तीन अणू एकमेकांना टेकून असतात, म्हणजे कर्ण चार त्रिज्यांएवढा. म्हणून ४०९ ला १.४१४ ने गुणून ४ ने भागा. १४४.५. पुस्तकात चांदीची धातवीय त्रिज्या १४४ दिली आहे. सराफी काट्यावर आणि पेलाभर पाण्यात अणूची त्रिज्या निघते, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

यात एक चूक हटकून होते. अणूच्या वाट्याची सगळी जागा गोलाचीच समजून सूत्र लावले की १६० येते. गोल कितीही दाटीने रचले तरी २६ टक्के जागा रिकामी राहते, संत्र्यांच्या ढिगात राहते तशी. दुसरीकडे मोजमापातली चूक इथे सौम्य होते. साडेनऊऐवजी दहा ग्रॅम वाचले, म्हणजे पाच टक्के चुकले, तरी घनमुळामुळे त्रिज्येत दोन टक्क्यांहून कमी फरक पडतो. १४४ ऐवजी १४७ येईल.

सोन्याचे गणित असेच करा. १९६.९७ भागिले १९.३ म्हणजे १०.२१ मिलिलिटर. तितकेच अणू, जागा चांदीपेक्षा किंचित कमीच! त्रिज्या १४४. सोन्याचा अणू चांदीच्या सुमारे १.८ पट जड आहे, पण मोठा नाही. म्हणूनच वितळवलेल्या रसात आणि थंड झालेल्या लगडीतही एकाच्या जागी दुसरा सहज बसतो.

खाली जाताना कवच वाढले, तर सोने मोठे का झाले नाही? सोन्याच्या आधी सिरियमपासून ल्युटेशियमपर्यंत चौदा मूलद्रव्ये येतात. त्यांचे नवे इलेक्ट्रॉन एफ-कक्षकांत जातात, आणि तो आडोसा डी पेक्षाही कमजोर. तीन प्रभाराचा लँथॅनम आयन १०३ चा, ल्युटेशियमपर्यंत जाता जाता ८६ होतो. हे आकुंचन पुढच्या सगळ्या धातूंना भोवते. सोन्यात भर म्हणून आतले इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने फिरतात की सापेक्षतेचा परिणाम होऊन बाहेरचे कवच आणखी आत येते. झिर्कोनियम १६० आणि हाफ्नियम १५९ ही याच आकुंचनाची जोडी. दोघांचे रासायनिक वागणे इतके सारखे की हाफ्नियम झिर्कोनियमच्या खनिजात लपून राहिला आणि १९२३ मध्ये कोपनहेगनला डर्क कॉस्टर आणि जॉर्ज डी हेवेसी यांनी तो क्ष-किरणांनी ओळखला. अणुभट्टीत झिर्कोनियम वापरताना हाफ्नियम काढावाच लागतो, कारण तो न्यूट्रॉन गिळतो. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये हे वेगळे करण्याचे काम चालते.

तांब्याची त्रिज्या १२८, चांदीहून ११ टक्के लहान. आकारातला फरक १५ टक्क्यांच्या आत असला तर धातू एकमेकांत मुरण्याची शक्यता असते. शक्यता, खात्री नव्हे. तांबे सोन्यात तापलेल्या स्थितीत पूर्ण मुरते, चांदीत मात्र ७८० अंशाच्या आसपास जास्तीत जास्त ८.८ टक्के, आणि थंड होताना त्यातलेही बरेचसे बारीक कणांनी वेगळे पडते. हेच कण चांदीला कडकपणा देतात. त्यामुळे ९२५ च्या (९२.५ टक्के शुद्ध) चांदीची लगड तापवून पाण्यात विझवली की मऊ राहते आणि सावकाश थंड केली की कडक होते.

प्रश्न : सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अणू कोणता?
– वाचक, मालेगाव

उत्तर : मोजलेल्यांत सर्वांत मोठा सीझियम, २६५. त्याखालचा फ्रान्सियम मोजायला हातात राहत नाही. त्याच्या सर्वांत टिकाऊ समस्थानिकाचाही अर्धायुकाल (निम्मे अणू नष्ट व्हायला लागणारा काळ) २२ मिनिटे. सर्वांत लहान हेलियम. हायड्रोजनचेही कवच एकच, पण हेलियमच्या केंद्रकात प्रोटॉन दोन.

प्रश्न : माती परीक्षणात सोडियम जास्त निघाला, जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) टाकायला सांगितले. मुलाच्या पुस्तकात कॅल्शियम आयन १०० आणि सोडियम १०२, म्हणजे सारखेच. मग कॅल्शियम सोडियमला हुसकावतो कसा? आणि पोटॅश आकाराने मोठा असून मातीत अडकून बसतो तो कसा?
– द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : पुस्तकातली मापे कोरड्या स्फटिकातली आहेत. जमिनीत आयन पाण्याचे रेणू अंगावर घेऊन हिंडतो. आयन जितका लहान, तितका त्याचा प्रभार एकवटलेला आणि तितके पाणी जास्त. ओल्या स्थितीत क्रम उलटतो : लिथियम ३८२, सोडियम ३५८, पोटॅशियम ३३१. चिकणमातीच्या पापुद्र्यांवर ऋण प्रभार असतो. पाण्याने फुगलेला सोडियम त्यांच्याजवळ येऊ शकत नाही, लांबून सैल धरला जातो. पापुद्रे त्यामुळे एकमेकांपासून सुटतात, माती ओली असताना चिकट आणि वाळली की दगड होते, पाणी मुरत नाही. कॅल्शियमही पाणी घेऊन येतो (४१२), पण त्याचा प्रभार दोन आहे. पापुद्रे त्याला घट्ट धरतात, आणि एक कॅल्शियम आला की दोन सोडियम सुटतात.

पोटॅशचे गुपित वेगळे आहे. इलाइट आणि व्हर्मिक्युलाइट जातीच्या मातीत पापुद्र्यांच्या पृष्ठभागावर सहाकोनी खळगे असतात. पोटॅशियम आपले पाणी सहज सोडतो आणि त्या खळग्यात बरोबर बसतो. मग वरचा पापुद्रा मिटतो. सोडियम त्या खळग्यासाठी लहान आणि पाणी सोडायला नाखूश. अमोनियम आयन मापाने पोटॅशियमच्या जवळचा असल्यामुळे तोही त्याच खळग्यांत जातो. अशा जमिनीत पोटॅश एकदम न देता हप्त्याहप्त्याने देणे आणि देठ परीक्षणाने तपासत राहणे बरे.

जिप्समचे प्रमाण असे काढतात. दर १०० ग्रॅम मातीतला १ मिलिइक्विव्हॅलंट (आयन त्यांच्या प्रभारानुसार मोजायचे एकक) सोडियम हटवायला १ किलो मातीमागे ०.८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम लागते. एक एकर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटर थर, घनता १.३ धरली तर, सुमारे ७९० टन भरतो, म्हणजे जवळपास ७ क्विंटल जिप्सम. तुमच्या अहवालात सोडियम जितका कमी करायचा आहे त्या आकड्याने याला गुणा. पिशवीवरची शुद्धता ७० टक्के असेल तर ०.७ ने भागा. जमिनीत चुनखडी भरपूर असेल तर गंधकही चालते. त्याचे आम्ल होऊन मातीतलाच चुना विरघळतो आणि कॅल्शियम सुटतो, पण त्याला ओल आणि काही आठवडे द्यावे लागतात.

जिप्सम मातीत मिसळून झाल्यावर चांगल्या पाण्याच्या भरपूर पाळ्या द्या आणि चर मोकळे ठेवा. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली वाहून गेला नाही तर पाणी आटताना तो पुन्हा मुळांजवळ येतो. विहिरीचे पाणीही त्याच वेळी तपासून घ्या. त्यातच सोडियम जास्त असेल तर जिप्सम दरवर्षी लागत राहील.